खुंटीवरचा साक्षीदार

आज ८ नोव्हेंबर. १८९५ साली याच दिवशी संध्याकाळी जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात विल्हेल्म रॉन्टगेन यांनी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडली आणि काही अंतरावरचा रसायन फासलेला पडदा उजळला. दीडेक महिन्याने त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, बोटांची हाडे आणि त्यातल्या एकावर अंगठी. रॉन्टगेन यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले, त्याची रक्कमही विद्यापीठाला देऊन टाकली. २०१२ पासून जगभरचे रेडिओलॉजिस्ट हा दिवस साजरा करतात. आज ठिकठिकाणी व्याख्याने होतील, नव्या सीटी यंत्रांचे गुण गायले जातील, आणि ते योग्यच आहे. छातीत पाणी झाले आहे की मांडीचे हाड मोडले आहे हे चिरफाड न करता कळणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण या दिवशी ज्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, तो एक्स-रे काढणारा माणूस. रुग्ण त्या खोलीत येतो, पाच मिनिटांत जातो, पुन्हा कधी वर्षा-दोन वर्षांनी येतो. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणत बटण दाबणारा टेक्निशियन त्याच खोलीला लागून तीस-तीस वर्षे काढतो. हाडाच्या ऑपरेशनमध्ये सी-आर्म हे फिरते एक्स-रे यंत्र धरून उभा असणारा सहायक, कॅथलॅबमधल्या सिस्टर, पाइपलाइनच्या वेल्डिंगचे जोड गॅमा कॅमेऱ्याने तपासणारा मुलगा, तारापूरच्या अणुभट्टीत देखभालीच्या काळात आत जाणारा कामगार, या सगळ्यांच्या वाट्याला किरणे येतात ती थोडी, पण रोज. या थोड्या-थोड्याचे पुढे काय होते?

सुरुवातीच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांच्या वाट्याला थोडे काही आलेच नाही. थॉमस एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या स्वतःच्या हातावर तपासत असे. हातांवर न भरणारे व्रण झाले, मग कर्करोग, मग दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो गेला. त्याच्या इजा पाहून एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले होते. जर्मनीत हॅम्बर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली अशा बळींचे स्मारक उभारले गेले. डॉक्टर, टेक्निशियन, परिचारिका, पदार्थवैज्ञानिक अशी दीडशेहून अधिक नावे पहिल्याच दिवशी त्यावर कोरलेली होती आणि पुढे ती वाढत गेली. मेरी क्यूरी १९३४ साली अस्थिमज्जा निकामी होऊन वारल्या. त्यांच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. रॉन्टगेन स्वतः बरेचसे बचावले, त्याचे एक कारण गमतीचे आहे. छायाचित्रांच्या काचा खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी जस्ताच्या पत्र्याची मोठी पेटी करून घेतली होती आणि नळी बाहेर ठेवून ते आत बसून काम करत.

त्या काळातली इजा डोळ्यांना दिसत होती. कातडी लाल होई, केस गळत, बोटे सडत. म्हणून सुरक्षिततेची पहिली मोजपट्टीही कातडीच झाली. किती किरणांनी कातडी लाल होते ते पाहायचे आणि त्याच्या काही अंश इतकी मुभा द्यायची. १९२८ साली स्टॉकहोममध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिने १९३४ साली दिवसाला ०.२ रॉन्टगेन ही मर्यादा सुचवली. वर्षभराचा हिशेब केला तर ती आजच्या मर्यादेच्या पंचवीसपटीच्या घरात जाते. पुढे १९५० च्या दशकात ती आली वर्षाला ५० मिलिसीव्हर्टवर (शरीराला मिळालेल्या मात्रेचे हे आजचे एकक), आणि १९९० मध्ये, हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांची आकडेवारी पुन्हा तपासल्यावर, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टवर. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळानेही हीच सरासरी धरली आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ द्यायचे नाही असा नियम आहे. निसर्गातून मिळणारी मात्रा सोडून, सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. तुलनेसाठी, माती, आकाश, हवेतला रेडॉन आणि अन्न यांतून जगातल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात.

मर्यादा अशी सतत खाली येत गेली, याचा अर्थ काय लावायचा? यंत्रणेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, विज्ञान सुधारत गेले. ते खरेच आहे. पण कामगाराच्या बाजूने पाहिले तर दुसरेही दिसते. प्रत्येक काळातल्या माणसाला ‘तुझा डोस सुरक्षित आहे’ असे सांगितले गेले आणि पुढच्या पिढीत तो आकडा अपुरा ठरला. ब्रिटिश रेडिओलॉजिस्टांचा शंभर वर्षांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९२१ पूर्वी नोंदणी झालेल्या डॉक्टरांमध्ये कर्करोगाने मृत्यूचे प्रमाण इतर डॉक्टरांच्या तुलनेत ७५ टक्क्यांनी जास्त निघाले. १९५४ नंतर नोंदणी झालेल्यांत मात्र असे जास्तीचे प्रमाण आढळले नाही. म्हणजे काळजी घेतली तर फरक पडतो, हे त्या अभ्यासाने पुराव्यानिशी दाखवले. भीती घालणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही सांगितला पाहिजे.

मग प्रश्न उरतो तो आजच्या माणसाचा, ज्याची कातडी लाल होत नाही, केस गळत नाहीत आणि रक्ताची तपासणी दरवेळी ‘नॉर्मल’ येते. या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक ठिकाणी कामगाराला दिलासा म्हणून हाच कागद दाखवला जातो. रक्तातल्या पेशींची साधी मोजणी, म्हणजे सीबीसी, बिघडायला काही शे मिलिसीव्हर्ट एकदम अंगावर यावे लागतात. वर्षाला दोन-चार मिलिसीव्हर्ट मिळणाऱ्याचा सीबीसी चांगला येतो, आणि किरणांनी काहीच केले नसते तरीही तो तसाच आला असता. रंगसूत्रे तपासणाऱ्या चाचण्या अधिक बारीक आहेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात त्या होतात. पण त्याही साधारण शंभर मिलिसीव्हर्टच्या आसपासच बोलू लागतात. त्याखाली शरीर गप्प असते.

गप्प असते म्हणजे काही होत नसते असे नाही. किरण पेशीतून जाताना डीएनएचे धागे तोडतात. एक धागा तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर सांधा चुकू शकतो. चुकलेली पेशी बहुतेक वेळा मरते किंवा शरीर तिला मारते. क्वचित एखादी जगते आणि चूक पुढे नेते. हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर क्ष-किरण टाकून आनुवंशिक बदल घडवून दाखवले, तेव्हापासून हे माहीत आहे. त्या पेशीपासून गाठ होईपर्यंत दहा, वीस, तीस वर्षे जातात. रक्ताचा कर्करोग थोडा लवकर, बाकीचे उशिरा. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो आणि जिथे काम केले ते हॉस्पिटल कधी दुसऱ्या नावाने चाललेले असते.

ही इजा एकेका माणसात दिसत नाही, ती मोठ्या संख्येतच दिसते. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांतल्या अणुउद्योगातील कामगारांचा ‘इनवर्क्स’ नावाचा एकत्रित अभ्यास त्यासाठीच महत्त्वाचा. ३,०९,९३२ कामगार, प्रत्येकाच्या अंगावरच्या, डोस मोजणाऱ्या बॅजची नोंद, काहींची तर १९४० च्या दशकापासूनची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी २८,०८९ जण गाठीच्या कर्करोगांनी वारले होते आणि दर एक ग्रे मात्रेमागे हे मृत्यू ५२ टक्क्यांनी वाढतात असा अंदाज निघाला. आकडा ऐकून दचकायला होते, पण एक ग्रे, म्हणजे ढोबळमानाने हजार मिलिसीव्हर्ट, ही प्रचंड मात्रा आहे. या कामगारांची सगळ्या नोकरीतली मिळून सरासरी मात्रा होती २०.९ मिलिग्रे. त्या मात्रेला ही वाढ एक टक्क्याच्या जवळपास येते. रक्ताच्या कर्करोगाबाबत याच अभ्यासाने दाखवलेला संबंध आणखी ठळक आहे, कारण मुळात तो आजार कमी आढळतो आणि त्यात किरणांचा वाटा मोठा असतो.

एक टक्का म्हणजे थोडेच, असे कोणी म्हणेल. थोडेच आहे. पण या अभ्यासाने एका जुन्या समजुतीला धक्का दिला, तो महत्त्वाचा. आतापर्यंत बहुतेक नियम हिरोशिमाच्या आकड्यांवर बेतले होते, आणि तिथल्या लोकांना मात्रा एका क्षणात मिळाली होती. तीच मात्रा वर्षानुवर्षे हळूहळू मिळाली तर धोका निम्मा होतो असे आंतरराष्ट्रीय समितीने गृहीत धरले होते. पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो, हा त्यामागचा तर्क. इनवर्क्सच्या आकड्यांत ही निम्म्याची सूट दिसत नाही. हळूहळू मिळालेली मात्राही मिलिग्रेमागे साधारण तितकीच महाग पडते.

याच्या उलट बाजूचे पुरावे आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. केरळमध्ये करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या काळ्या वाळूमुळे निसर्गतःच किरणोत्सर्ग जास्त आहे. काही वस्त्यांत तो जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट. तिथल्या सुमारे सत्तर हजार रहिवाशांचा अभ्यास २००९ मध्ये आला आणि त्यात कर्करोगाचे जादा प्रमाण सापडले नाही. फ्रान्सच्या विज्ञान आणि वैद्यक अकादमींनी २००५ सालच्या अहवालात ‘कितीही थोडा डोस तितक्याच प्रमाणात घातक’ या सरळ रेषेच्या गृहीतकावरच शंका घेतली होती. हा वाद प्रामाणिक आहे. पन्नास मिलिसीव्हर्टच्या खाली नेमके काय घडते यावर शास्त्रज्ञ आणखी काही वर्षे भांडतील. आमचे म्हणणे इतकेच, की वाद मिटेपर्यंत शंकेचा फायदा कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांची वाट पाहण्याची गरज नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

एका युक्तिवादापासून मात्र वाचकांनी सावध राहावे, कारण तो वारंवार आणि बऱ्याच आत्मविश्वासाने केला जातो. ‘आमच्या कामगारांत कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण जनतेपेक्षा कमीच आहे.’ असेलही. नोकरीत घेतानाच वैद्यकीय तपासणी होते, आजारी माणूस गाळला जातो, पगार नियमित असतो, औषधपाणी मोफत असते. अशा निवडक निरोगी माणसांची तुलना रस्त्यावरच्या सगळ्यांशी केली तर कुठलाही कारखाना आरोग्यधाम ठरेल. खरी तुलना करायची ती त्याच कारखान्यातल्या जास्त डोसवाल्यांची आणि कमी डोसवाल्यांची. इनवर्क्सने तेच केले. आणि ते त्यांना करता आले, कारण तीन देशांत प्रत्येक माणसाच्या बॅजचा आकडा पन्नास-साठ वर्षे जपून ठेवलेला होता.

आता आपल्याकडचा बॅज पाहू. टीएलडी बॅज म्हणजे छातीवर लावायची प्लास्टिकची डबी. तिच्या आत धातूची पातळ पट्टी असते आणि पट्टीवर तीन पांढरट चकत्या. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोसियम मिसळून आणि टेफ्लॉनमध्ये दाबून केलेल्या या चकत्या भाभा केंद्रानेच विकसित केल्या. चकत्यांवर वेगवेगळ्या गाळण्या असतात, म्हणजे कोणत्या प्रकारची किरणे पडली त्याचाही अंदाज येतो. किरणांची ऊर्जा या स्फटिकांत अडकून राहते. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथे चकती तापवतात, अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि प्रकाश मोजला की डोस कळतो. तापवल्यावर चकती कोरी होते. त्या तीन महिन्यांचा पुरावा मग फक्त नोंदवहीतला आकडा असतो. प्रत्येक संस्थेला एक बॅज ‘कंट्रोल’ म्हणून मिळतो. तो किरणांपासून दूर, एखाद्या कार्यालयाच्या कपाटात ठेवायचा, म्हणजे नैसर्गिक किरणोत्सर्ग किती ते त्यातून वजा करता येते. तो चुकून एक्स-रेच्या खोलीत राहिला तर सगळ्यांच्याच डोसमधून जास्तीची वजाबाकी होते आणि सगळेच कागदावर निरोगी ठरतात.

बॅज छातीच्या उंचीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो. प्रत्यक्षात तो कुठे असतो हे ज्याने आपल्या गावातले दोन-चार एक्स-रे क्लिनिक पाहिले आहे त्याला सांगायला नको. एप्रनच्या खुंटीवर, टेबलाच्या खणात, मालकाच्या कपाटात कुलूपबंद. कुठे माणूस एक आणि बॅज दुसऱ्याच्या नावाचा. ज्याच्या नावाने परवाना घेतला तो पात्र टेक्निशियन कधीतरीच येतो, आणि बटण दाबणारा मुलगा कुठल्याच नोंदीत नसतो. उलट गंमतही होते. बॅज खोलीतच टांगलेला राहिल्याने आकडा फुगतो, ठरावीक पातळीपुढे गेला की चौकशीचे पत्र येते आणि ‘बॅज खोलीत राहिला होता, डोस माणसाला मिळालेला नाही’ असे उत्तर जाते. ते बहुतेक वेळा खरेही असते. पण मग ज्या तिमाहीत तोच बॅज खणात होता आणि आकडा शून्य आला, त्या शून्यावर आपण विश्वास का ठेवायचा? शून्य आले की कोणीच पत्र पाठवत नाही.

देशातल्या वैद्यकीय किरणोत्सर्ग कर्मचाऱ्यांचा सरासरी वार्षिक डोस एक मिलिसीव्हर्टच्याही खाली आहे, असे अधिकृत आकडेवारी सांगते. साध्या एक्स-रेच्या खोलीत, भिंती नीट बांधल्या असतील आणि टेक्निशियन आडोशामागे उभा राहत असेल तर हे अगदी शक्य आहे. बहुसंख्य टेक्निशियनांनी घाबरून जावे असे त्यात काही नाही. पण सरासरीत खुंटीचाही डोस मिसळलेला आहे, आणि सरासरी कोणाला झाकते तेही पाहायला हवे.

ती झाकते कॅथलॅबला आणि ऑपरेशन थिएटरला. अँजिओप्लास्टी करताना डॉक्टर रुग्णापासून हातभर अंतरावर उभा असतो, पायाखालच्या पेडलने किरणे चालू ठेवतो आणि रुग्णाच्या शरीरावर आपटून विखुरलेली किरणे त्याच्या अंगावर येतात. एप्रन धड झाकतो, डोळे आणि डोके उघडेच. पूर्वी डोळ्यांच्या भिंगासाठी वर्षाला १५० मिलिसीव्हर्टची मर्यादा होती, कारण मोतीबिंदूला फार मोठी मात्रा लागते अशी समजूत होती. त्या वेळी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत काम करणारे भारतीय पदार्थवैज्ञानिक मदन रेहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या हृदयरोग परिषदांतच डॉक्टरांचे डोळे तपासायला सुरुवात केली. मलेशियातल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ५६ पैकी २९ हृदयरोगतज्ज्ञांच्या भिंगाच्या मागच्या बाजूला बदल दिसले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ११ परिचारिकांपैकी ५ जणींच्याही. किरणांशी संबंध नसलेल्या २२ जणांत असे दोघेच. दुसऱ्याच वर्षी, २०११ मध्ये, भिंगाची मर्यादा १५० वरून २० वर आणण्याची शिफारस झाली. परिचारिकांचा आकडा लहान असला तरी तो विसरू नये. डॉक्टरसाठी छतावरून लोंबणारी शिशाच्या काचेची ढाल असते. ट्रे घेऊन पलीकडे उभ्या असलेल्या सिस्टरला ती बहुधा पुरत नाही.

आणि हाडांच्या ऑपरेशनमधला सी-आर्म तर तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. तिथे एप्रन दोन आणि माणसे सहा हे दृश्य नवे नाही. एप्रन पाच-सात किलोचा, उन्हाळ्यात अंगावर घालवत नाही. घडी करून ठेवला की आतल्या शिशाला भेगा पडतात आणि बाहेरून काही कळत नाही. वर्षातून एकदा एप्रनचाच एक्स-रे काढून भेगा तपासायच्या असतात. हे साधे काम किती ठिकाणी होते ते आज, रेडिओलॉजी दिनाच्या निमित्ताने, प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या रजिस्टरमध्ये पाहावे. अंतर दुप्पट केले की डोस चौथाईवर येतो, हे तर फुकटचे संरक्षण आहे. पेडल दाबण्यापूर्वी ‘मागे व्हा’ म्हणायला डॉक्टरला एक सेकंद लागतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण आमचा मुख्य मुद्दा तिथे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००६ सालच्या अहवालात एक हिशेब आहे. शंभर माणसांना प्रत्येकी शंभर मिलिसीव्हर्ट मिळाले तर त्यामुळे आयुष्यभरात अंदाजे एकाला कर्करोग होईल, पण त्याच शंभरांपैकी ४२ जणांना इतर कारणांनी तसाही होईल. त्या ४३ जणांत किरणांचा बळी कोणता, हे ओळखणे म्हणजे पुराच्या नदीत आपण ओतलेली घागर शोधणे आहे. गाठीवर शिक्का नसतो. म्हणजे ‘सिद्ध कर’ असे म्हटले की कामगार हरलाच. कोर्टात तो कधीही जिंकू शकत नाही, आणि तरीही त्याच्यासारख्यांपैकी कोणीतरी खात्रीने मेलेला असतो.

या कोंडीतून दोन देशांनी वाट काढली. ब्रिटनमध्ये १९८२ साली सरकारी अणुइंधन कंपनी आणि कामगार संघटना यांनी मिळून एक योजना आखली. आजार किरणांमुळे होण्याची शक्यता नोंदवलेल्या डोसवरून काढायची. ती पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण भरपाई, आणि वीस टक्के असली तरी हिश्श्याने काही रक्कम. कोर्टाची पायरी नाही, वकिलांची उलटतपासणी नाही. अमेरिकेने २००० साली अण्वस्त्र कारखान्यांच्या कामगारांसाठी कायदा केला. त्यातली एक तरतूद आम्हाला विशेष वाटते. जिथे डोसची नोंद ठेवलीच गेली नाही किंवा ती भरवशाची नाही, अशा कारखान्यांतल्या कामगाराला ठरवून दिलेल्या २२ कर्करोगांपैकी एखादा झाला तर डोस सिद्ध करायची अटच नाही, भरपाई मिळते. नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकाची होती. ती त्याने पार पाडली नाही, तर त्याची किंमत कामगाराने का मोजावी?

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. कामगार भरपाईच्या कायद्यातल्या तिसऱ्या अनुसूचीत किरणोत्सर्गाने होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदवलेले आहेत. सहा महिने सलग अशा कामावर असलेल्याला तो आजार झाला तर तो कामामुळेच झाला असे धरायचे, उलट सिद्ध करायचे ते मालकाने, अशी तरतूदही त्यात आहे. वाचायला फार चांगली. पण ‘मी अशा कामावर होतो’ हे दाखवायला तरी कागद लागतो. ज्याच्या नावाचा बॅजच नव्हता, ज्याला ठेकेदाराने रोजावर घेतले आणि ज्याच्या पगाराची पावतीही नाही, त्याने अनुसूचीचे काय करायचे? नोंद नसली की अमेरिकेत कामगाराची बाजू भक्कम होते, आणि आपल्याकडे त्याची केसच उभी राहत नाही.

नोंदीची अवस्था काय होती हे नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालाने उघड केले. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५,२७० नियामक मंडळाकडे नोंदलेली होती. उरलेली ९१ टक्के परवान्याविना चालत होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश होता. अहवालाच्या वेळपर्यंत ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत झाले होते. नियामक मंडळ आणि भाभा केंद्र दोन्ही मुंबईतच, एक अणुशक्तीनगरला आणि दुसरे तुर्भ्याला. तरी त्या दोन राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव नव्हते. त्यानंतर मंडळाने परवान्यांची व्यवस्था ऑनलाइन केली, यंत्र विकणाऱ्यालाच साखळीत बांधले आणि नोंदणी बरीच वाढली, हे मान्य करायला हवे. यंत्रांची नोंद झाली. माणसांची नोंद हे त्याहून अवघड काम आहे, कारण यंत्र नोकरी बदलत नाही.

टेक्निशियन बदलतो. आज सांगलीच्या एका हॉस्पिटलात, दोन वर्षांनी पुण्यात, मग आखातात, मग परत. भाभा केंद्रातल्या राष्ट्रीय डोस नोंदणीत प्रत्येकाला कायमचा वैयक्तिक क्रमांक मिळतो, तोच पुढे न्यायचा असतो. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार मालकाने कामगाराला त्याच्या डोसची आणि आरोग्य तपासणीची नोंद दरवर्षी, त्याने मागितली तेव्हा, आणि नोकरी सोडताना, अशी तिन्ही वेळा द्यायला हवी. आंतरराष्ट्रीय दंडक तर असा, की ही नोंद कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत आणि काम सोडल्यापासून किमान तीस वर्षे सांभाळावी. कागदावर हा सगळा हिशेब आहे, पण तो किती टेक्निशियनांच्या हातात पडतो? नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागणारा मुलगा डोसचा दाखला मागत नाही, कारण तसा हक्क आहे हे त्याला अभ्यासक्रमात कोणी सांगितलेले नसते. आणि मागितला, तर ‘हा कटकट्या दिसतो’ अशी नोंद मात्र लगेच होते.

राज्य सरकारला यात करण्यासारखे बरेच आहे आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहायची गरज नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या स्वतःच्या रुग्णालयांत, कंत्राटी आणि कायम असा भेद न करता, किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा बॅज द्यावा, सी-आर्मजवळच्या वॉर्डबॉयलासुद्धा. कार्यमुक्तीच्या पत्रावर आजवरचा एकूण डोस छापल्याशिवाय पत्र वैध धरू नये. गरोदर कर्मचाऱ्यासाठी गर्भाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. ती पाळायची तर गरोदरपण सांगितल्याने नोकरी जाणार नाही, अशी हमी आधी लेखी द्यावी लागेल. खासगी रुग्णालयांना सरकारी योजनांच्या यादीत घेताना एप्रन तपासणीचे रजिस्टर आणि तिमाही डोसचे तक्ते मागावेत. आणि एखाद्या टेक्निशियनला कर्करोग झाला व त्याच्या सेवाकाळातील नोंदी संस्थेला दाखवता आल्या नाहीत, तर भरपाईच्या दाव्यात त्या नोंदींचा अभाव संस्थेविरुद्ध गृहीत धरावा, अशी दुरुस्ती केंद्राकडे मागावी. तेवढी एक ओळ कायद्यात आली, तर खणातले सगळे बॅज दुसऱ्या दिवशी आपोआप छातीवर येतील.